बाबासाहेबांना इंग्रजी कोणी शिकविले?

या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी पाठविलेल्या आठवणी वाचून काढण्याचे काम संपादक मंडळाने आमच्याकडे सोपविले, तेव्हा एक गोष्ट लगेच ध्यानात आली. आठवण लिहिणारा आज तलाठी असो, एस. टी.चा वाहक असो, सरकारी रुग्णालयातील परिचारिका असो वा प्राध्यापक असो, तो कोठून तरी फिरून इंग्रजीच्या सरांपाशी येऊन थांबतो. गणिताचे सर कडक होते, विज्ञानाच्या बाई प्रेमळ होत्या, एवढे लिहून लेखणी पुढे सरकते. इंग्रजीच्या सरांपाशी मात्र ती रेंगाळते. इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हांला याचे थोडे वैषम्य वाटले, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु असे का व्हावे, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्यालाच शोभणारा असल्यामुळे आम्ही तो जरा खोलात जाऊन पाहण्याचे ठरविले.

या आठवणींत सरांनी कोणता धडा कसा शिकविला, हे जवळजवळ कोणीही लिहिलेले नाही. लिहिले आहे ते वेगळेच. सर शब्दकोश कपाटात कुलूपबंद ठेवीत नसत, तो वसतिगृहाच्या व्हरांड्यातील खिडकीत सर्वांच्या हाताला येईल असा ठेवीत. पाने सुटली की खळ लावून पुन्हा चिकटवीत. वहीतील चुकलेल्या वाक्यावर नुसती फुली न मारता शेजारी बरोबर वाक्य लिहीत. दहावीला इंग्रजीतच दोन वेळा गचकलेल्या आणि ऊसतोडीला निघून गेलेल्या एका मुलाला त्यांनी पोस्टकार्ड पाठवून परत बोलावले, सुट्टीत स्वतःच्या खोलीवर ठेवून घेतले आणि ऑक्टोबरच्या परीक्षेला बसविले. त्या काळी आमच्या मुलामुलींच्या गळ्यात अडकलेला फास म्हणजे इंग्रजीची उत्तरपत्रिका. बाकी साऱ्या विषयांत उत्तीर्ण होऊन या एका विषयापायी शिक्षण सुटले, अशी माणसे प्रत्येक वस्तीत आजही भेटतात. इतर शिक्षकांनी विषय शिकविला. इंग्रजीच्या शिक्षकाच्या हातात दाराची कडी होती. म्हणून तो आठवतो.

हाच धागा धरून मागे गेलो, की आपण एका मोठ्या प्रश्नापाशी पोहोचतो. बाबासाहेबांच्या इंग्रजीचा आपल्याला अभिमान आहे. घटना समितीतील त्यांची भाषणे, गोलमेज परिषदेतील त्यांचे युक्तिवाद, अर्थशास्त्रावरील त्यांचे ग्रंथ यांचा उल्लेख आपण जयंतीच्या प्रत्येक व्याख्यानात ऐकतो. पण त्यांना इंग्रजी शिकविले कोणी? आमच्या वर्गात हा प्रश्न विचारला, की बहुतेक हात वर होतात आणि उत्तर येते, कोलंबिया विद्यापीठाने. हे उत्तर कालगणनेला धरून नाही. बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले ते १९१३ च्या जुलैमध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी. ९ मे १९१६ रोजी त्यांनी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचला. ज्याला भाषेचा श्रीगणेशा परदेशात करावा लागला, तो तीन वर्षांत असा निबंध लिहू शकत नाही. कोलंबियाने त्यांना विचारांची साधने दिली, यात शंका नाही. भाषा ते बरोबर घेऊन गेले होते, आणि ती त्यांना मिळाली होती सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरात.

अस्पृश्य घरात इंग्रजी कोठून आली, हेही समजून घेतले पाहिजे. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला होता आणि तो अर्ज नाकारण्यात आला होता. सायमन कमिशनपुढे १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे शिक्षणविषयक निवेदन सादर करताना बाबासाहेबांनी या प्रकरणाचा मुद्दाम दाखला दिला. शाळा सरकारची, तिजोरी सर्वांची, दार मात्र काहींचेच. अशा काळात आपल्या लोकांना अक्षर भेटले ते लष्कराच्या छावणीत. कंपनीच्या आणि पुढे राणीच्या फौजेत सैनिकांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा असत. सुभेदार रामजींनी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकाचे शिक्षण घेतले आणि पुढे लष्करी शाळेत मुख्याध्यापक म्हणून दीर्घकाळ काम केले. आपण त्यांना सुभेदार म्हणून ओळखतो, पण पेशाने ते शिक्षक होते. हे वाक्य आम्ही विद्यार्थ्यांकडून दोनदा म्हणून घेतो. १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली आणि ते एकमेव उघडे दारही लागले. सुभेदारांची पिढी त्या दारातून आत जाऊन आलेली होती, एवढेच काय ते आपले भाग्य.

घरच्या अभ्यासाची हकिकत बाबासाहेबांनी स्वतः सांगितलेली आहे. वडिलांना इंग्रजीचा मोठा सोस होता. त्यांनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी वाचनपुस्तके पाठ करून घेतली आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे तिन्ही भाग पुरे करून घेतले. मराठी शब्दाला नेमका इंग्रजी प्रतिशब्द कोणता, याविषयी ते काटेकोर असत. आजच्या पालकांना ही नावे ठाऊक असण्याचे कारण नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. हॉवर्ड हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याचे संचालक होते. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पुस्तके सरकारी शाळांत चालत. तर्खडकरांची पाठमाला ही त्याहून निराळ्या जातीची. तिच्यात प्रत्येक पाठात थोडे शब्द, एखादा नियम आणि मग भाषांतरासाठी वाक्ये असतात. आधी इंग्रजीतून मराठीत, मग मराठीतून इंग्रजीत. वाक्ये साधी, कधी कधी हसू यावे इतकी विचित्र. पण त्यांतून विद्यार्थ्याला एक गोष्ट कळून चुकते. मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याला लागून येते; मराठीत नामाला प्रत्यय लागतो, इंग्रजीत तेच काम नामाआधी येणारा सुटा शब्द करतो. म्हणजे एकच विचार दोन भाषांत दोन प्रकारे बांधावा लागतो, आणि बांधताना तो विचार खरोखर काय आहे, हे स्वतःला विचारावे लागते. नेमकेपणाची याहून चांगली तालीम आम्हांला ठाऊक नाही.

या तालमीचे फळ केवळ इंग्रजीत दिसत नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला आणि ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत'. या दोन पत्रांतील बाबासाहेबांची मराठी ज्यांनी वाचली आहे, त्यांना ती किती सरळ, धारदार आणि तोलून वापरलेली आहे, हे सांगावे लागणार नाही. सुभेदारांनी इंग्रजी शिकविली ती मराठीला खाली बसवून नव्हे. त्याच घरात सकाळ-संध्याकाळ कबीराचे दोहे आणि संतांचे अभंग म्हटले जात, मुलांना ते पाठ करावे लागत. आज आपल्या समाजातील पालक पोटाला चिमटा घेऊन इंग्रजी माध्यमाच्या शाळेची फी भरतात. त्यांच्या त्यागाविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण ज्या घरात मुलाला ना धड मराठी वाक्य लिहिता येते ना इंग्रजी, त्या घरात भाषा दोन आल्या असे कसे म्हणावे? सुभेदारांची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे, तिला फी नव्हती, आणि तिचा निकाल जगापुढे आहे.

फी नव्हती हे मात्र पूर्ण खरे नाही. पुढे मुंबईत, परळच्या चाळीतील एका खोलीत हे कुटुंब राहत असे. जाते, चूल, शेळी, माणसे सगळे त्याच खोलीत. सुभेदार रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला अभ्यासाला उठवीत आणि त्याच्या जागेवर स्वतः अंग टाकीत. भीमरावांना पुस्तकांची भूक मोठी होती आणि पेन्शन तुटपुंजी. मुलाने पुस्तक मागितले की सुभेदार लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिचा एखादा दागिना मागून आणून गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की सोडवून परत करीत. बाबासाहेबांच्या इंग्रजीच्या पायात त्यांच्या बहिणींचे दागिने आहेत. चरित्रांत ही गोष्ट एका ओळीत येते आणि वाचक पुढे जातो. आमच्या मते त्या बहिणींसाठी किमान एक परिच्छेद राखून ठेवला पाहिजे.

घराबाहेरच्या शिक्षकांविषयी बाबासाहेब काय आठवतात, तेही पाहण्यासारखे आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. आज महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्या शाळेत ते घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. नळाला हात लावण्याची मुभा नसे. शिपाई आला नाही तर पाणी नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना गणित सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे बाटतील म्हणून मुलांनी ते धावत जाऊन बाजूला केले. संस्कृत शिकण्याची इच्छा असून त्यांना ती शिकू दिली नाही. फारसी घ्यावी लागली. हे सारे त्यांनी विसरले नाही आणि सौम्यही केले नाही. पण त्याच स्मृतीने त्याच साताऱ्यातील आंबेडकर आडनावाच्या एका शिक्षकाची भाकरीही जपून ठेवली. मधल्या सुट्टीत मुलाला दूर घरी जावे लागू नये म्हणून हे शिक्षक आपल्या डब्यातील भाजी-भाकरी त्याला देत. आपले लोक या शिक्षकांचा उल्लेख करतात तो आडनावाच्या कथेसाठी, आणि मग ते आडनाव नेमके कोणी, कसे बदलले, यावर वाद घालीत बसतात. त्या वादात भाकरी हरवते. बाबासाहेबांनी तिची आठवण प्रेमाने सांगितली, आणि गोलमेज परिषदेला जाताना त्या शिक्षकांचे आलेले पत्रही जपून ठेवले. पेंडसे नावाचे दुसरे एक मास्तर. पावसात चिंब भिजून आलेल्या मुलाला त्यांनी आपल्या घरी पाठवून गरम पाण्याने आंघोळ घालविली. हे दोघेही ब्राह्मण होते. ज्या हाताने बाबासाहेबांनी गोणपाट नोंदविले, त्याच हाताने भाकरी नोंदविली. साक्षीदार कसा असावा, असे कोणी आम्हांला वर्गात विचारले तर आम्ही हेच उदाहरण देतो.

येथे धम्मातील एक शब्द आठवतो. दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्तात तथागत आजारातून उठल्यानंतर भिक्खू आनंद त्यांच्याकडून संघासाठी काही अखेरचा उपदेश मिळेल, अशी अपेक्षा व्यक्त करतात. त्यावर तथागत सांगतात, की आपण आतले आणि बाहेरचे असा भेद न करता धम्म शिकविला आहे. तथागतांपाशी 'आचरियमुट्ठि' नाही. आचरियमुट्ठि म्हणजे आचार्याची मिटलेली मूठ, काही निवडक शिष्यांसाठी शेवटपर्यंत राखून ठेवलेले ज्ञान. या देशात विद्येचा इतिहास लिहायचा तर तो पुष्कळ अंशी मिटलेल्या मुठींचा इतिहास होईल. बाबासाहेबांना नाकारलेली संस्कृत ही त्यांपैकीच एक मूठ. इंग्रजीही आपोआप उघडी नव्हती. ती शहरात, उच्चवर्णीयांच्या घरात, फी भरू शकणाऱ्यांच्या शाळेत मिटलेली होती.

त्याच निकायातील सिगालोवाद सुत्त आपल्या शाळेत सर्वांना परिचित आहे. राजगृहाचा सिगाल सकाळी उठून सहा दिशांना नमस्कार करतो. भगवान त्याला सांगतात, की दक्षिण दिशा म्हणजे आचार्य. मग शिष्याची पाच कर्तव्ये आणि आचार्याची पाच कर्तव्ये येतात. शिष्याची कर्तव्ये आपण मुलांकडून पाठ करून घेतो. आचार्याची पाठ करून घेण्याचा उत्साह शिक्षकांत तितकासा दिसत नाही, हे आमचे निरीक्षण आहे. चांगली शिस्त लावावी, नीट समजेल असे शिकवावे, आपल्याजवळची विद्या पूर्ण द्यावी, मित्रमंडळींत शिष्याविषयी चांगले बोलावे आणि सर्व दिशांना त्याचे रक्षण होईल असे पाहावे, अशी ती पाच आहेत. यांतील शेवटची दोन वर्गाच्या भिंतीबाहेरची आहेत. तीन कर्तव्ये पगारात बसतात, असे म्हणू या. उरलेल्या दोहोंवर विद्यार्थी शिक्षकाला आठवतो की नाही, हे ठरते.

कृष्णराव अर्जुन केळुसकर हे याचे उत्तम उदाहरण. ते विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते. बाबासाहेब शिकत होते एल्फिन्स्टनमध्ये. म्हणजे हा मुलगा त्यांच्या हजेरीपटावर कधीच नव्हता. चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसणाऱ्या या मुलाची त्यांनी चौकशी केली, त्याला वाचायला पुस्तके दिली. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण. आज या गुणांवर कोणी पेढेही वाटणार नाही, पण त्या दिवशी समाजाने सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कारसभा भरविली. त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र मुलाच्या हाती ठेवले. पुढे शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा हेच केळुसकर त्याला महाराजा सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. मित्रांत चांगले बोलणे आणि सर्व दिशांना रक्षण करणे याचा अर्थ यापेक्षा स्पष्ट कसा सांगणार? आणि ते बुद्धचरित्र मराठीत होते, याची आठवण इंग्रजीच्या या लेखातही ठेवली पाहिजे. १९५६ च्या नागपूरकडे जाणारी वाट त्या मराठी पुस्तकातून निघते, असे बाबासाहेबांनी स्वतःच 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत सांगितले आहे.

एल्फिन्स्टन महाविद्यालयातील प्रा. म्यूलर यांनी त्यांना पुस्तके वाचायला दिली आणि अंगावर घालायला कपडेही दिले. पुस्तक आणि कपडा एकाच हातून आले, ही गोष्ट आपल्या वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही समजावून सांगावी लागणार नाही.

बाबासाहेब स्वतः शिक्षक झाले ते १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये, मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात. विद्यार्थी त्यांच्या तासाला रमत, इतर महाविद्यालयांतूनही काही जण ऐकायला येत; आणि त्याच वेळी प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास काही सहकाऱ्यांचा आक्षेप होता. साताऱ्याचा नळ मुंबईच्या प्राध्यापकांच्या खोलीपर्यंत त्यांच्या मागे आला होता.

परदेशातील गुरुजनांत त्यांनी सर्वांत अधिक मानले ते जॉन ड्यूई यांना. १९५२ च्या जूनमध्ये कोलंबिया विद्यापीठाची मानद पदवी घेण्यासाठी ते पुन्हा न्यूयॉर्कला गेले, तेव्हा आपल्या या गुरूंना भेटण्याची त्यांना ओढ होती. ते वाटेत असतानाच ड्यूई गेले. आपले सारे वैचारिक आयुष्य आपण ड्यूईंचे देणे लागतो, अशा आशयाचे त्यांनी तेव्हा पत्रात लिहिले. ही कृतज्ञता विद्वानांना ठाऊक असते. आम्हांला मात्र माईसाहेबांनी सांगितलेली दुसरी एक आठवण अधिक मोलाची वाटते. वर्ग सोडून तीस वर्षे उलटल्यावरही बाबासाहेब ड्यूईंच्या वर्गातील लकबींची हुबेहूब नक्कल आनंदाने करून दाखवीत. घटनेच्या शिल्पकाराने आपल्या शिक्षकाची नक्कल करावी! आमच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरतो तेव्हा दुपारच्या जेवणानंतर कोणीतरी उठून इंग्रजीच्या सरांसारखा खडू दोन बोटांत धरून, चष्मा कपाळावर चढवून वाक्य सांगू लागतो आणि सारा मांडव हसतो. काही ज्येष्ठांना तो शिक्षकाचा अवमान वाटतो. आम्हांला वाटत नाही. ज्याची नक्कल तीस वर्षांनीही साधते, त्याच्याकडे विद्यार्थ्याने तेव्हा किती लक्ष दिले असेल!

बाबासाहेबांनी आपल्या इंग्रजीच्या पहिल्या शिक्षकाला छापील शब्दांत वंदन केले ते १९२३ मध्ये. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध त्या वर्षी लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशनाने ग्रंथरूपात काढला. लंडनचे त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी, आपले मतभेद न लपविता, त्याला प्रस्तावना लिहिली. ग्रंथ बाबासाहेबांनी आपल्या आई-वडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. आपल्या शिक्षणासाठी त्या दोघांनी जो त्याग केला आणि जी समज दाखविली, त्याबद्दलची कृतज्ञता अर्पणपत्रिकेत नोंदविलेली आहे. आई भीमाबाई मुलाच्या लहानपणीच गेल्या होत्या. सुभेदार रामजी २ फेब्रुवारी १९१३ रोजी गेले. मुलगा अमेरिकेला निघाला ते त्यानंतर काही महिन्यांनी. हॉवर्डच्या पुस्तकांपासून सुरू झालेली भाषा कोठवर पोहोचली, हे त्यांना पाहता आले नाही.

हा ग्रंथ महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या सहाव्या खंडात आहे. हा खंड आमच्या शाळेच्या ग्रंथालयात आहे. त्यातील अर्थशास्त्र शालेय मुलांना कळण्याजोगे नाही. अर्पणपत्रिका मात्र अगदी छोटी आहे, आणि आठवीच्या वर्गाला दर वर्षी जून महिन्यात आम्ही भाषांतरासाठी पहिला पाठ म्हणून तीच देतो.